वाढत्या अंगाचा

१

ही हकीकत मी पहिल्यांदा ऐकली ती गेल्या हिवाळ्यातल्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या वेळी, एका चष्म्याच्या दुकानात. सांगणारी बाई त्या दुकानात भिंगे बसवण्याचे काम करते. माझ्या चष्म्याची काडी मोडली होती, दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते, आणि माझ्या स्वेटरची कोपरावरची वीण उसवलेली तिला दिसली. बोलणे त्यावरून निघाले. त्यानंतर मी तिला आणखी दोनदा भेटलो आणि तीच हकीकत पुन्हा सांगायची विनंती केली. तिच्या भावाशी, वहिनीशी आणि तिला विणकाम शिकवणाऱ्या काकूंशीही वेगवेगळे बोललो. जिथे ती ‘मला वाटलं’ म्हणाली तिथे मी ‘दिसले’ असे लिहिलेले नाही. आणि जिथे ती ‘दिसलं’ म्हणाली तिथे ‘वाटले’ असे लिहून स्वतःची सोय पाहिलेली नाही.

तिला सगळे आत्या म्हणतात. मीही तेच म्हणेन.

२

दादाकडे गोड बातमी आहे हे कळले त्या दिवशी चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तिला ‘काय आत्याबाई!’ अशी हाक मारली. ती हाक तिला अशी काही चिकटली की बाळ यायच्या कितीतरी आधी ती आत्या होऊन बसली. याचा तिला अभिमान वाटे. ती दादा-वहिनींबरोबरच, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत राहत असे. खोलीत एक पलंग, खिडकीखाली टेबल, आणि भिंतीतले एक कपाट होते, ज्याचे दार कितीही दाबले तरी बोटभर उघडेच राही.

बाळाचा पहिला स्वेटर आपल्या हातचा असणार, असे तिने जेवताना सगळ्यांदेखत जाहीर केले.

“तू?” दादाने घास हातात धरूनच विचारले. “तुला मोज्याचं भोक शिवता येत नाही.”

“भोक शिवणं वेगळं, स्वेटर विणणं वेगळं.”

“अगदी बरोबर. शिवताना भोक कमी होतं, विणताना वाढत जातं.”

“हसा,” वहिनी पोटावर हात ठेवून म्हणाली. “आत येणाऱ्याला ऐकू जातंय सगळं. मोठं झाल्यावर बापाची फजिती तेच करेल.”

चष्म्याच्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडे, लोकरीचे दुकान होते. तिथल्या काकू शनिवारी दुपारी मागच्या खोलीत विणकाम शिकवत. आत्या तिथे गेली आणि पहिल्याच दिवशी तिने सुया इतक्या घट्ट धरल्या की बोटे पांढरी पडली.

“तलवारी आहेत का त्या?” काकू म्हणाल्या. “हात सैल सोड, बाई. लोकर काही पळून जात नाही.”

पळून लोकर गेली नाही, टाके गेले. एका ओळीत एक गळे, पुढच्या ओळीत दोन वाढत. उलट टाका कुठे आणि सुलट कुठे याचा पत्ता लागत नसे. पण आत्याचा हात मुळात बारीक कामाचा होता. माणसाच्या दोन बुबुळांमधले अंतर मोजून भिंगावर खूण करणे हा तिचा रोजचा धंदा, आणि तिने बसवलेले भिंग कधी परत आले नव्हते. महिनाभरात वीण सारखी पडू लागली. मग काकूंनी तिला चौकोनी तुकडे विणायला सांगितले, तेव्हा ती चक्क रुसली.

“तुकडे नाही विणायचे मला. स्वेटरच विणते.”

“कुणाच्या मापाचा?”

“बाळ अजून आलं कुठे? अंदाजाने घेते.”

“अंदाजाने काही विणायचं नाही,” काकू म्हणाल्या. त्या एरवी बोलताना सुया थांबवत नसत, आता थांबवल्या. “माप घ्यायचं, मग टाके घालायचे. माप नसलेला कपडा म्हणजे कुणी नसताना वाढलेलं ताट.”

आत्याने ऐकले नाही. तिने अंदाजाने टाके घातले आणि एक छोटासा पिवळा स्वेटर पुरा केला. पाठीवर एक टाका सुटलेला होता, काजे एका रेषेत नव्हती, पण तो स्वेटर होता. त्याला दोन बाह्या, एक गळा आणि चार बटणे होती. लहान मुलांचे कपडे शिवताना सगळ्याच घरांत वाढीला जागा ठेवतात, तशी तिनेही ठेवली होती. बाह्या मुद्दाम लांब घेऊन मनगटाशी दोनदा दुमडल्या होत्या, म्हणजे मूल वाढेल तशी एकेक दुमड सोडता येते.

“वाढत्या अंगाचा केलाय, काकू,” ती मान ताठ करून म्हणाली.

काकूंनी स्वेटर उलटा केला, सुलटा केला, सुटलेल्या टाक्यावर बोट ठेवले. “वाढत्या अंगाचा, ते कळलं. पण कुणाच्या? आधी अंग तर येऊ दे.” मग तिचा चेहरा पाहून त्या नरमल्या. “पहिला आहे म्हणून चांगला म्हणते. बाळाला मात्र घालू नकोस. ठेव जपून.”

३

तिने तो जपून ठेवला. लहान हँगरवर अडकवून कपाटाच्या दाराला आतून टांगला. सकाळी केस विंचरताना ती दार उघडे आणि क्षणभर त्याच्याकडे पाही. परीक्षेत पहिले आलेले मूल आपली गुणपत्रिका पुन्हापुन्हा पाहते, तसे तिचे ते पाहणे होते.

अशाच एका सकाळी तिला उजव्या बाहीची एक दुमड सुटलेली दिसली.

यात विशेष असे काही नव्हते. लोकर सैल होते, दुमड सुटते. तिने ती पुन्हा घातली, नीट दाबली आणि कामावर गेली. दोन-तीन दिवसांनी दुमड पुन्हा सुटली होती, आणि या वेळी दोन्ही बाह्यांची, सारखीच. नवशिकीची वीण, तिने मनाशी म्हटले. मनगटाच्या पट्टीचा ताण कमी पडला असणार. पुन्हा दुमडताना तिच्या लक्षात आले की आत दडलेला भाग स्वच्छ पिवळा आहे आणि बाहेरचा भाग किंचित मळकट. कपाटात टांगलेला कपडा मळतो कसा? धूळ बसते. धूळ बसली तर ती खांद्यावर बसावी. ती मनगटावर होती.

“वहिनी, माझ्या कपाटातला स्वेटर तू काढतेस का बघायला?”

“मी?” वहिनी भिंतीला धरून उठत होती. “अगं, मला माझ्या चपला दिसत नाहीत खाली, तुझं कपाट कुठून दिसायला?”

दादाला विचारण्यात अर्थ नव्हता. तो स्वतःचा टॉवेल शोधायलाही दुसऱ्याला हाक मारी.

आत्या तर्काने चालणारी बाई आहे, हे इथे नमूद करायला हवे. तिने शिवणाचा पांढरा दोरा घेऊन दोन्ही दुमडी टाके घालून पक्क्या केल्या. आता लोकर सैल झाली तरी दुमड सुटणार नव्हती. आणि दुमड सुटली, तर दोरा तुटलेला सापडला असता.

दोरा तुटला नव्हता. दुमडी सुटल्या होत्या, आणि तो दोरा अखंड, न कापलेला, वरच्या बटणाभोवती नीट गुंडाळून ठेवलेला होता.

४

ती पलंगाच्या कडेवर बसली. स्वयंपाकघरात नळ चालू होता. तिने स्वेटर मांडीवर घेतला आणि उजेडात धरला. काखेत लोकरीचे गोळे आले होते. असे गोळे घासल्याशिवाय येत नाहीत, आणि घासायला आत अंग लागते. गळपट्टीची पुढची कड ओलसर होती, चघळल्यासारखी.

इथे मी तिला थांबवून विचारले की त्या वेळी तिला काय वाटले. पहिल्यांदा विचारले तेव्हा ती थोडी थांबली. पुढच्या दोन्ही भेटींत थांबली नाही.

“कुणीतरी घातला होता,” ती म्हणाली. “माझा. सुटलेल्या टाक्यासकट.”

भीतीही वाटली, ती नंतर. आधी जे वाटले त्याला अभिमान हाच शब्द आहे, असे तिने तिन्ही वेळा सांगितले.

तिने पुन्हा दुमड घातली नाही. स्वेटर उघडून पाहिला तेव्हा पुढचा गळा ताणलेला होता, म्हणजे तिने तो अरुंद घेतला होता. डाव्या खांद्यावर कापड चुरगळून एक घडी पक्की झाली होती, म्हणजे तिथे उतार चुकला होता. या गोष्टी काकूंनी कितीही समजावल्या तरी डोक्यात शिरत नव्हत्या. इथे त्या कपड्यावरच दिसत होत्या. तिने निळी लोकर आणली आणि एक माप मोठे घेतले. गळा सैल घेतला. डावा खांदा दोन ओळी लवकर बंद केला. बाह्या लांब घेतल्या आणि मनगटाशी दोनदा दुमडल्या.

निळा कपाटात टांगल्यावर पिवळ्याला पुन्हा कधी काही झाले नाही. तो ठेवला तसाच राहिला, लहान होऊन गेलेल्या कपड्यासारखा.

आवाज याच सुमारास सुरू झाले. ते फक्त नळ चालू असताना, वहिनीची आंघोळ चालू असताना, किंवा खाली गल्लीत एखादी गाडी घरघरत उभी असताना ऐकू येत. दुसरा आवाज थांबला की थांबत. खोलीबाहेरच्या बोळातल्या फरशीवर काहीतरी थपथपल्यासारखे वाटे. तळहात टेकत कुणी पुढे सरकावे तसे. पाण्याच्या पाइपात हवा अडकली की असा आवाज होतो, असे दादाने सांगितले, आणि आत्याने ते मान्य केले. निळ्याची पहिली दुमड सुटली तेव्हाही पाइपातून तोच आवाज येत होता. दुसरी सुटली तेव्हा त्याची लय बदलली होती. आता ते तळहात वाटत नव्हते. पावले वाटत होती. दोन टाकून थांबणारी, पुन्हा दोन टाकणारी.

ती हातात कंगवा धरून ऐकत उभी राही. “चाललंय की,” असे एकदा तिच्या तोंडून निघून गेले, आणि मग आपण काय बोललो हे कळून तिने घाईघाईने केस बांधले.

५

तिसरा स्वेटर हिरवा होता. तो घेऊन ती काकूंकडे गेली. मागच्या खोलीत तेव्हा शिकणाऱ्या आणखी बायका होत्या, आणि त्यांच्यादेखत काकूंनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

“हा सरावाचा नाही,” त्या म्हणाल्या.

“सरावानेच आलाय, काकू.”

“गप्प बस. हा गळा बघा गं सगळ्या जणी. असा गळा माझ्या हातून बसायला किती वर्षं गेली, ते माझं मला माहीत.” मग आवाज उतरवून, “डावा खांदा मुद्दाम खाली घेतलास?”

“हो.”

“म्हणजे त्या पोराचा डावा खांदा खाली आहे. पोर समोर उभं केल्याशिवाय हे येत नाही. कुणाचं गं?”

“ओळखीतलं,” आत्या म्हणाली. हे खोटे नव्हते, असे तिचे आजही म्हणणे आहे.

काकूंनी तो स्वेटर दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायला मागितला. गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा, लहान मुलाच्या पुतळ्यावर चढवून. त्या दिवशी आत्याने चष्म्याच्या दुकानातून समोर किती वेळा पाहिले याला गणती नाही. मालक म्हणाले, “आत्याबाई, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा उलटा बसवाल. बघा जरा इकडे.” एका आजोबांना तिने चष्मा देताना समोर बोट दाखवले: “दूरचं दिसतंय का बघा. तो हिरवा स्वेटर दिसतो? वीण दिसते? मग नंबर बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला काकू स्वतः गल्ली ओलांडून आल्या आणि कागदात गुंडाळलेला स्वेटर तिच्या हातात ठेवला.

“घेऊन जा तुझा.”

“का? काय झालं?”

“काही नाही. पुतळ्यावरून घसरला.” काकूंनी पदराने कपाळ पुसले. “चार बटणं लावलेला कपडा घसरतो कसा, ते मला विचारू नकोस. आणि घसरला तर खाली पडावा. तुझ्या दुकानाच्या बाजूच्या कोपऱ्यात, काचेला टेकून होता.”

मी काकूंना याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी हे सगळे कबूल केले, आणि पुतळा जुना आहे, त्याचा खांदा ढिला झालाय, अशी पुस्तीही जोडली. मी पुतळा पाहिला. खांदा ढिला आहे. उजवा.

६

बाळ झाले. आत्याने दवाखान्यातच टेपने माप घेतले, नर्स हसत असताना. या वेळी अंदाज नव्हता. दुधासारख्या पांढऱ्या लोकरीचा स्वेटर तिने बाळ घरी येऊन स्थिरावायच्या आत पुरा केला, आणि तो बाळाच्या अंगात चढला तेव्हा दादानेदेखील मान्य केले.

“ताकदीचं काम आहे बुवा. भोक एकही सापडत नाही.”

“शोध की,” आत्या म्हणाली. “भिंग देऊ का?”

तिने सवयीने याही स्वेटरच्या बाह्या लांब घेतल्या होत्या आणि मनगटाशी दोनदा दुमडल्या होत्या.

सगळे घर बाळाभोवती फिरू लागले आणि तीही फिरू लागली. हिरव्या स्वेटरच्या दोन्ही दुमडी केव्हाच सुटल्या होत्या, कोपरे विरळ झाले होते, पुढचे माप घ्यायला हवे होते. पण सुयांवर आता बाळाचे टोपडे होते, मग बाळाचे मोजे. कपाटाचे दार बोटभराऐवजी हातभर उघडे दिसू लागले. ती ते लावी.

मग एका सकाळी पांढऱ्या स्वेटरची दुमड सुटलेली होती. बाळाची मूठ बाहीत बुडून गेली होती.

“तू सोडलीस, वहिनी?”

“मी कशाला सोडू? अजून नखाएवढं आहे ते.”

आत्याने दुमड घातली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सुटली, आणि संध्याकाळी कामावरून येऊन तिने बाळाला उचलले तेव्हा मूठ बाहीच्या टोकाशी आलेली होती. तिने हात वळवून वळवून पाहिला. बाही आटली असणार. पण तो स्वेटर अजून धुतलाच नव्हता.

“बघ ना किती भरभर वाढतंय!” वहिनीचा चेहरा उजळला होता. “डॉक्टर म्हणाले, असं बाळ बघितलं नाही. दृष्ट लागेल माझीच.”

दादा तर जो भेटेल त्याला सांगत सुटला होता. सगळे खूश होते. आत्या एकटी टेप घेऊन बसली, आणि आकडे पाहून तिने पुन्हा पहिल्यापासून माप घेतले. जी वाढ व्हायला ऋतू पालटावा लागतो ती काही दिवसांत झाली होती. दुमडी सुटायच्या आणि बाळाचे अंग त्यांच्यामागे धावायचे. अशाने हे मूल बाळपण संपायच्या आधीच संपून जाईल, असे तिला वाटले. हे कुणाला सांगणार? वाढतेय म्हणून कुणी तक्रार करते का?

एका दुपारी ती दुकानातून लवकर आली. वहिनी न्हाणीघरात होती, पाणी पडत होते. बाळाच्या खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते. आत पाळण्याच्या गजांशी, तिच्याकडे पाठ करून, हिरवा स्वेटर उभा होता.

त्याची उजवी बाही गजांतून आत गेलेली होती, आणि बाळाच्या मनगटाशी काहीतरी हळुवार, न चुकता चालले होते. आधी वरची दुमड, मग खालची. आत्याच्या स्वतःच्या हाताची लकब होती ती. तिथे जे काही होते ते आजवर एवढेच शिकले होते की दुमड सोडली की अंग वाढते, आणि तेच ते आता बाळाला शिकवत होते. बाळ जागे होते आणि शांत होते.

तिने किती वेळ पाहिले ते तिला सांगता आले नाही. एवढेच म्हणाली की डावा खांदा खाली होता आणि पाठीवर एकही सुरकुती नव्हती. असा बसलेला स्वेटर तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

“गळपट्टीच्या वर काय होतं?” मी विचारले.

“तिकडे बघितलंच नाही.”

“का?”

“मी वीण बघत होते,” ती म्हणाली.

न्हाणीघरातले पाणी बंद झाले. पाळण्याशी कुणी नव्हते. हिरवा स्वेटर तिच्या खोलीत, कपाटात, हँगरवर होता. आणि हाताला गरम लागला.

७

दुसऱ्या सकाळी दादा-वहिनी बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. आत्या कामावर गेली नाही. तिने खिडकीखालच्या टेबलावर हिरवा स्वेटर पसरला.

विणलेला कपडा सुरुवातीच्या कडेने उसवत नाही, तो जिथे संपवला तिथूनच उसवतो, हे काकूंनी पहिल्या महिन्यात शिकवलेले. तिने गळ्याची गाठ शोधली. कात्रीने तेवढीच गाठ कापली आणि धागा ओढला. गळपट्टी ओळीमागून ओळ निघून गेली. आपल्या हातचे सगळ्यांत चांगले काम आपण संपवतो आहोत, हे तिला कळत होते. बायकांनी हातोहात फिरवून पाहिलेला तो गळा काही क्षणांत कुरळ्या धाग्याचा ढीग होऊन पडला. मग तिने खांद्याची शिवण सोडवली. उजवा खांदा सरसर सुटला.

डाव्या खांद्याशी धागा अडला.

गुंता असेल म्हणून तिने सैल सोडून पुन्हा ओढला. गुंता नव्हता. धागा ताठ झाला, तिच्या बोटात रुतला, आणि पलीकडून तितक्याच जोराने कुणी धरल्यासारखा तिथेच थांबला. तिने दुसऱ्या हाताने कात्री घेतली.

तेव्हा तिला टेबलावर हालचाल दिसली. ‘दिसली’ हा तिचाच शब्द आहे. हिरव्या स्वेटरच्या बाह्या अजून शाबूत होत्या, दुमडी सुटून पूर्ण लांब पसरलेल्या. उजव्या बाहीची मनगटाची पट्टी हळूहळू स्वतःवरच वळली आणि एक दुमड पडली. मग दुसरी. मग डाव्या बाहीला एक, आणि दुसरी, जरा वाकडी, घाईत घातल्यासारखी. आणि इतक्यावर न थांबता तिसरी. बाह्या आखूड होत होत्या. कुणीतरी तिला दाखवत होते की मी एवढाच आहे. मी एवढाच राहीन.

तिच्या हातातली कात्री खाली आली.

“वाकडी घातलीस,” ती म्हणाली. तिने ती डावी दुमड सोडवून सरळ घातली.

मग खांद्यापासून सुटलेले टाके एकेक करून सुईवर उचलले आणि संध्याकाळपर्यंत बसून ते परत विणले. सुटलेला टाका एकही राहू दिला नाही. पण कपाटातले मूल आणि पाळण्यातले मूल एका छपराखाली ठेवता येणार नाही, हे तिने विणता विणताच ठरवले. दुमडी घालून लहानच राहण्याचे वचन कुठले मूल किती दिवस पाळू शकते?

८

त्याच आठवड्यात तिने दादाचे घर सोडले आणि लोकरीच्या दुकानामागे काकूंची एक रिकामी खोली होती, तिथे राहायला गेली. दादा अजून दुखावलेला आहे.

“भांडण नाही, तंटा नाही,” तो मला म्हणाला. “बाळ तिच्याशिवाय हसत नव्हतं, आणि ही अशी उठून गेली. बाळाला बघायला येते, कुणाला बरोबर घेऊन आल्यासारखी येते, पण असते एकटीच, आणि दाराच्या आत पाऊल टाकत नाही. उंबऱ्यावरूनच बघते. स्वेटर मात्र पाठवते. एक सांगू? त्यांना दुमड नसते. अंगाबरोबर असतात. दोन महिन्यांत लहान होतात. म्हटलं, अगं, जरा वाढत्या अंगाचे करत जा. तर म्हणते, नाही.”

बाळाच्या वाढीबद्दल मी वहिनींना विचारले. मधे एकदा फार भरभर वाढले, मग थांबले, आता इतरांसारखेच आहे, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी चिंता करू नका म्हणून सांगितले आहे. बाळ मी पाहिले. निरोगी आहे, गुटगुटीत आहे, दोन्ही खांदे सारखे आहेत.

तिसऱ्या भेटीत, चष्म्याच्या दुकानातच, आत्या तपकिरी लोकरीचे काही विणत होती. बाळाचे माप नव्हते ते. शाळेत जाणाऱ्या मुलाला होईल एवढे होते. हात सैल, नजर दुसरीकडे, सुया आपल्या आपण चाललेल्या. शिकाऊपणाचा मागमूस उरला नव्हता. मी तिच्या कामाची स्तुती केली आणि तिने ती योग्य तीच आहे अशा थाटात घेतली. बोलता बोलता तिने सुया थांबवल्या, गळ्यातला टेप काढला आणि काउंटरच्या मागे वाकली.

“हात वर,” ती खाली पाहून म्हणाली. “वर म्हटलं ना. हलू नकोस. शहाणं माझं ते.”

मग माझ्याकडे पाहून, एखादी आई शेजारणीला सांगते तसे, “छाती भरलीये जरा यंदा.”

काउंटरची माझ्याकडची बाजू लाकडाची आहे आणि माझ्या कमरेच्या वर येते. आत्याचा भाऊ, वहिनी आणि काकू यांच्याकडून वरच्या बाबींपैकी ज्या पडताळता येण्यासारख्या होत्या त्या मी पडताळल्या आहेत. टेपचे एक टोक तिच्या बोटांत होते, हे मी स्वतः पाहिले. टेप खालच्या दिशेने ताठ ताणलेला होता, हेही पाहिले. दुसरे टोक कुणी धरले होते, एवढी एकच गोष्ट मला पडताळता आलेली नाही.